आजोळ कंचं?

सरळगावच्या गाळ्यातून सकाळी एकतीस पार्सलं निघतात.
तीस टोकावड्यापर्यंत संपतात.
एकतिसावं मोहाच्या वाडीचं.
घर नंबरच्या रकान्यात लिहिलंय:
बंद हापशी, तिच्या मागं निळी ताडपत्री.

सुगंधा पांडू उघडे.
शिलाई मशीनची बॉबिन केस,
दोनशे एकोणपन्नास, पैसे हातात.
पैसे आधी भरणारं ह्या रस्त्याला कुणीच नाही,
सरपंचाचा पोरगासुद्धा नोटा मोजूनच देतो.

पाकीट ओट्यावर ठेवलं. म्हटलं,
मावशी, मोबाईलवर चार आकडे आले असतील,
तेवढे सांगा.

ती जागची हलली नाही.
दोरा तसाच दाताखाली.
"तो बी आकडंच मागत व्हता."

मागल्या माघात
बचत गटाचे अकरा हजार चारशे
एका फोनात गेले.
आवाज गोड होता म्हणे, पुस्तकातल्यासारखा.
ताई, आपलं पार्सल अडकलंय.
ताई, आपलं जेवण झालं का?
बँकेत तिला कुणी कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.
बँकेत म्हणतात, ए बाई, अंगठा नीट टेक.
दारी आलेल्याला तांब्याभर पाणी द्यावं
तसे सहा आकडे तिनं देऊन टाकले.

मग हिशोब मांडला.
शंभराला एक, म्हणजे एकशे चौदा ब्लाउज,
गटातल्या बायांचे, फुकट.
शहात्तर झाले
आणि बॉबिन केस मोडली.
मुरबाडात त्या जुन्या मशीनची मिळत नाही.
कल्याणला जावं तर दिवस मोडतो.

मी समजावायला लागलो.
मावशी, त्या आकड्यांनी पैसे जातात,
ह्या आकड्यांनी वस्तू हाती येते.
आकड्याशिवाय पार्सल सोडायचं नाही असा नियम आहे,
परत नेलं तर माझे बारा रुपये बुडतात.
विश्वास ठेवा, म्हटलं,
आणि बोलता बोलता
मलाच माझा आवाज
त्याच्यासारखा वाटायला लागला.

गप्प झालो.
हापशीच्या दांड्यावर एक सरडा मान हलवत होता.

"तू कुनाचा?"
न्याहाडीचा. कोंडू भोईराचा.
"आजोळ कंचं?"
वैशाखरं.
"मामा?"
गोटीराम.
"त्याच्या म्हशी बऱ्या हायत का?"
मामाकडं म्हशी कधी नव्हत्याच, मावशी.
बैल होते. तेही विकले.

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.
दाताखालचा दोरा तोडला.

आकडे तिनं सांगितले नाहीतच.
माझाच फोन मागून घेतला,
वर तळहाताचा आडोसा धरून
एकेक आकडा दाबला,
भाकरी भाजली का बघावं तसं बोट लगेच मागं घेत.
आपल्या फोनातला निरोप पुसला.
मग पडद्यावरून पदरही फिरवला,
काही उरलं असेल तर.

दोनशेची एक, विसाच्या दोन,
नऊ रुपये डब्यातून, त्यातला एक मुरमुऱ्यांत सापडला.

कात्रीनं पाकीट कापलं ते माझ्यासमोर.
आत साबणाची वडी नव्हती, दगड नव्हता.
केस मशीनमध्ये बसली, खट्.
ती बसेपर्यंत मी थांबलो होतो,
हे कुठल्या नियमात नाही.
जाताना तिनं काही म्हटलं नाही,
चहाही विचारला नाही.
मशीनचा आवाज मात्र उतारापर्यंत येत राहिला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तिचं नाव,
ह्या वेळी दोऱ्याची रिळं, काळी आणि मोरपंखी.
मी हसत म्हटलं, मावशी, आलो.

ती ओट्यावर तशीच.
"कुनाचा तू?"
न्याहाडीचा.
"आजोळ कंचं?"

विसरली नव्हती.